टेनिसचे पदक आणि इस्पिकची बोली

महोदय,

पत्त्यांच्या ब्रिजला खेळ म्हणायचे की रिकामटेकड्यांचा उद्योग, हा वाद आमच्या कट्ट्यावर दर रविवारी निघतो. अशा वेळी मी पिएर आल्बाराँचे नाव काढतो. या फ्रेंच गृहस्थाने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅक्स देक्युजीसोबत टेनिस दुहेरीत कांस्यपदक मिळवले. पुढे तो पत्त्यांकडे वळला आणि १९३५ मध्ये ब्रिजचे युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या फ्रेंच संघात होता. आता याला रिकामटेकडा म्हणा!

पण त्याची खरी कमाई म्हणजे बोलीची, म्हणजे कोणत्या रंगात किती हात करू हे खेळाआधी सांगण्याची, 'कानापे' पद्धत. समजा, हातात पाच बदाम आणि चार इस्पिक आहेत. तुम्ही-आम्ही आधी लांब (जास्त पानांचा) रंग, म्हणजे बदाम बोलू. आल्बाराँ आधी 'एक इस्पिक' म्हणणार आणि बोलीच्या पुढच्या फेरीत बदाम बोलणार. दुसऱ्यांदा बोललेला रंग लांब, हे भिडूला ठाऊकच असते. मी एकदा हा प्रयोग भिडूला न सांगता केला. माझे इस्पिक लांब समजून त्याने हातात तीनच इस्पिक असताना मला थेट 'चार इस्पिक'च्या बोलीपर्यंत चढवले. बोलीपेक्षा तीन हात कमी पडले. दोष पद्धतीचा नव्हे, माझा.

पुढे इटलीच्या 'ब्लू टीम' या ब्रिज संघातल्या जोड्यांनीही कानापेचा वापर केला. १९५७ पासून सलग तीन वर्षे बर्म्युडा बोल, म्हणजे ब्रिजचे जागतिक अजिंक्यपद, इटलीकडेच होते. आल्बाराँ १९६० मध्ये वारला, म्हणजे हे यश त्याच्या हयातीतले.

क्रीडापानावर बुद्धिबळाला जागा मिळते. आठवड्यातून एखादा ब्रिजचा डाव छापायला काय हरकत आहे?

– एक वाचक, पुणे