मोटारीच्या पट्टीवरचं गाव

कोइंबतूर,
रविवार, रात्री

ती. आई आणि आण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर घराचं सांगितलं तेव्हा आण्णा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडं दिलात. आईनं जेवलास का विचारलं आणि ठेवून दिला. दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही. फोनवर मला सगळं सांगता येत नाही म्हणून लिहितोय. भाच्याकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावून तुम्हीच वाचा, आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचा.

इथं कोइंबतूरलाच घर घेतलं. विसार दिवाळीच्या आधीच दिला होता. तुम्हाला समोर बसून सांगायचं म्हणूनच दिवाळीला चार दिवस काढून आलो होतो. पण रोज सकाळी तुम्ही मला डाळिंबाच्या बागेत न्यायचात आणि म्हणायचात, "टेंभू योजनेचं पाणी आलं, आता काय कमी आहे?" पाटातल्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या तुमच्या तोंडाकडं बघून माझ्याच्यानं शब्द निघेना. चूक झाली. उशीर केला, ही माझी चूक.

तुमचं म्हणणं मला कळतं. आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं पाणी नव्हतं म्हणून गलाईला, सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, बाहेर पडली. पाणी आल्यावर माणसं परत यायला हवीत. पण आण्णा, मी इथं आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आज सदतीस आहे. राजवीथीतल्या ज्या सोनारांनी चौदा वर्षं कच्चं सोनं चिठ्ठीवर माझ्या हातात दिलं, त्यांना आता काय सांगू? २०२१ साली हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढायचं मशीन कर्जानं घेतलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. भाड्याच्या घरात चौदा वर्षांत पाच वेळा सामान हलवलं. दर वेळी छोटीची आई गॅसची शेगडी मांडीवर घेऊन टेम्पोत बसायची. आता पुरे वाटलं. मदुरैची तुमची गोष्ट मी मुद्दाम काढत नाही. तुम्ही परत आलात ते आमच्यासाठी आलात, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट ताईकडून कळण्याआधी मीच सांगतो. फॉर्म ८ भरून मतदार यादीतलं नाव इकडं आणलं. ग्रामपंचायतीला माझं मत आता नसेल, आणि तुम्हाला ते लागेल हे मला माहीत आहे. गाडीचाही नंबर बदलावा लागला. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नोंदणी तिथंच करावी लागते. सांगलीची एमएच १० ची पाटी मात्र टाकली नाही, पुसून कपाटात ठेवली आहे. शेतात काही ठरवायचं असेल तर मला विचारा, मी नेहमीसारखा भांडेन.

आण्णा, विहिरीवरची जुनी मोटार आठवते? निळा रंग, आणि चार रिबिटांची पट्टी, त्यातली एक रिबीट निघालेली. मी पाचवीत होतो, इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. तुम्ही पट्टीवरचा चिखल सदऱ्याच्या बाहीनं पुसलात आणि माझं बोट धरून एकेका अक्षरावर ठेवलंत. सी, ओ, आय, एम... मला अख्खा शब्द काही जमेना. "हे कुठं आहे?" विचारलं, तर म्हणालात, "लांब. मद्रासच्या खाली. तिथं मोटारी करतात." विहीर आटली की ती वर काढून पोत्याखाली झाकून ठेवायचात, आणि मी पोतं उचलून पुन्हा तो शब्द वाचायचो. आता त्या गावात राहतो. दुकानाकडं जाताना वाटेत पंपाचे कारखाने लागतात, आणि अजून रोज माझी नजर तिकडं जाते.

इथं अनोळखी माणसाला, रिक्षावाल्याला, चहावाल्याला सगळे "अण्णा" म्हणतात. थोरला भाऊ असा अर्थ. पहिल्या महिन्यात दर हाकेला मी मागं वळून बघायचो, तुम्हीच आलात असं वाटून.

आई, आता तुझ्यासाठी. पाण्याची काळजी करू नकोस. या गावाला सिरुवाणी धरणाचं पाणी येतं. लोक त्याच्या गोडीचं कौतुक करतात, ते खरं आहे, तांब्यातून प्यायलीस की कळेल. ज्वारी मिळते, तिला इथं चोळम म्हणतात, बाजरीला कंबु. तव्यावर भाकरी रोज होते, फक्त तुझ्यासारखी फुगत नाही. जेवणात सांबार, रसम असतंच, पण रात्री आमच्या घरी पिठलं किंवा आमटीच. छोटी तिसरीत गेली. इथं शाळेत तमिळ सक्तीचं आहे, त्यामुळं ती सरसर वाचते आणि मला चुका सांगते. पण तू फोनवर म्हणतेस त्या ओव्या तिला पाठ आहेत, झोपताना म्हणते.

तुमची खोली पूर्वेकडची आहे, न्हाणीघर लागून, बसायचा संडास, आईच्या गुडघ्यासाठी भिंतीला धरायला दांडी लावून घेतली. देवघर अजून रिकामंच ठेवलंय. विठ्ठल-रखुमाई तू आणशील तेव्हा बसतील.

आता ऐका. आण्णा, रात्रीची लाइट असली की विहिरीवर जायचं नाही. मागच्या पावसाळ्यात साप पायाजवळून गेला हे मला आईनं नाही, गावातल्या दुसऱ्यांनी सांगितलं. मोबाईल स्टार्टर पार्सलनं पाठवलाय. वायरमन बोलावून बसवून घ्या, मग घरातून फोन लावला की मोटार चालू होते. साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, चहाबरोबर नाही. खोकला पंधरा दिवसांवर गेला तर विट्यात ताईकडं जायचं आणि छातीचा फोटो काढायचा. भट्टीच्या धुराचा खोकला म्हणून अंगावर काढू नका. आई, पाट्यावर वाटण बंद. इथला ग्राइंडर पुढच्या महिन्यात कुणी गावाकडं निघालं की पाठवतो. पैशांचा विचार करायचा नाही आणि पेटीत झाकून ठेवायचा नाही.

रागावला असाल तर रागवा, पण फोन तुम्ही उचला, आईकडं देऊ नका.

आषाढीला पंढरपूरला जाणारच आहात. तिथून घरी परत फिरू नका. तिथून सोलापूर जवळ आहे. सोलापुरातून कुर्ला-कोइंबतूर गाडी आहे, एक दिवस नि एक रात्र. खालचे दोन बर्थ काढतो. आषाढात इथं पालक्काडच्या खिंडीतून गार वारं सुटतं, आण्णांच्या छातीला मफलर मात्र घ्या. न्यायला मी सोलापूर स्टेशनवर येतोय, एकटे बसू नका. आई, येताना ओझं आणू नकोस. शेंगदाण्याची चटणी तेवढी आण, आणि देव.

तुमचा,
थोरला