खिसा कोणाचा?

महोदय,

विल्की कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ ही रहस्यकादंबरी १८६० मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा ‘द टाइम्स’च्या परीक्षकाने कथानकातील तारखा सुमारे पंधरवड्याने जुळत नसल्याचे दाखवून दिले आणि कॉलिन्स यांनी ती चूक मान्य करून पुढे दुरुस्त केली. अशा कादंबऱ्यांत प्रत्येक शब्द हा पुरावा असतो, म्हणूनच निर्दोष लिहू इच्छिणाऱ्यांनी त्या सावकाश वाचाव्यात, असे मला मनापासून वाटते.

‘रमेशने सुरेशला थांबवले आणि त्याच्या खिशातून किल्ली काढली’ अशी वाक्ये हल्ली सर्रास छापली जातात. खिसा रमेशचाच असेल, तर मराठीत ‘आपल्या खिशातून’ असे लिहायला हवे. रहस्यकथेत या एका सर्वनामाने चोर बदलतो. ‘खोलीत शिरताना दिवा विझला’ या वाक्यात तर शिरणारा माणूसच हरवला आहे. (ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निदान डोळ्यांना खुपतात, या चुका मुद्रितशोधकाच्याही नजरेतून निसटतात.)

आपल्या रविवार पुरवणीत अशा वाक्यांच्या दुरुस्तीसाठी छोटी चौकट नियमितपणे द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा