पोरांना हात साफ करायला मिळू दे

मा. संपादक, स.न.वि.वि.

नवीन पशुवैद्यकीय कॉलेजची बातमी आली की चर्चा जागेची, कोटींची आणि मतदारसंघाची. आत पोरं शिकणार कशावर हे कुणी विचारत नाही, मी मांजरीत गोठा चालवतो म्हणून विचारतो.

गाभण तपासणीचंच घ्या. खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवून शेणाच्या वाटेनं हात आत घालायचा आणि आतड्याच्या पडद्याआडून गर्भाशय चाचपायचं, दिसत काहीच नाही, सगळा खेळ बोटांचा. मुरलेला डॉक्टर दीड-दोन महिन्यांचा गाभ सांगतो, नवख्याला तीन महिन्यांचाही नीट कळत नाही. आणि चुकलं तर भुर्दंड आम्हाला, कारण गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते (म्हणजे फळायला तयार होते), एक माज हुकला की तेवढे दिवस नुसता चारा! आमची एक गाय एका इंटर्ननं गाभण सांगितली, निघाली रिकामी. पोराला दोष देत नाही. तोच म्हणाला, कॉलेजात एका गाईमागे अख्खी बॅच रांगेत, चार-पाच हात झाले की गाय कुंथायला लागते, मग सर म्हणतात बास आता. (गाईचंही बरोबरच आहे म्हणा.)

सारा बेली या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी ह्यासाठी 'हॅप्टिक काऊ' बनवली, फायबरच्या गाईत हात घातला की यंत्रामुळे बोटाला गर्भाशय लागल्यासारखं वाटतं आणि सरांना स्क्रीनवर दिसतं की पोराचं बोट नेमकं कुठंय. खऱ्या गाईत हे सरांना कधीच कळत नाही. एवढं महागडं नको, साधी रबरी गर्भाशयाची गाय चालेल, पण पहिले पन्नास हात तिच्यावर होऊ देत.

बाकी सोय इथंच आहे की. १८८९ साली देशातली जनावरांच्या रोगांची पहिली सरकारी लॅब पुण्यातच निघाली, तिचीच पुढं बरेलीची आयव्हीआरआय ही पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला, शिरवळचं कॉलेज हायवेनं तासा-दीड तासावर. पशुवैद्यकीचं विद्यापीठ नागपुरात असलं म्हणून काय झालं, एक गाडी, एक सर आणि सहा-सात इंटर्न हवेली तालुक्यातल्या गोठ्यांवर फिरवायला काय हरकत आहे?

आम्ही चार-पाच गोठेवाले आठवड्यातून एक दिवस गाई द्यायला तयार आहोत. फक्त सर सोबत पाहिजेत आणि दुपारी तीनच्या आत उरका, चारला धारा असतात.

आपला,
एक गोठेवाला, मांजरी, पुणे