सीईटीच्या गुणांवर नौदलाचे दार उघडत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सीईटीचा निकाल लागला की करिअर पुरवण्यांत 'संरक्षण दलातील संधी' हा मजकूर ठरलेला. त्यात एनडीएवर (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) रकाने भरतात, पण नौदलाच्या खर्चाने बी.टेक. करून कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळवण्याची वाट दोन ओळींत उरकली जाते आणि नेमकी मुख्य अट गळते. '१०+२ बी.टेक. कॅडेट' प्रवेशाची छाननी जेईई मेनच्या अखिल भारतीय रँकवर होते. एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल ९९ असले तरी इथे उपयोग शून्य. 'आपल्याला कुठे आयआयटी मिळणार' म्हणत जेईईचा अर्जच न भरणारी मुले घरबसल्या बाद होतात.

दुसरी गफलत टक्क्यांची. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित (पीसीएम) या तिघांत मिळून ७० टक्के लागतात, शिवाय दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५०. एकूण ८५ टक्के, पण पीसीएम ६८, तर अर्ज बाद. निवड झाली की केरळात एळिमलाच्या अकादमीत चार वर्षे. पदवी जेएनयूची. मुलींनाही आता हा प्रवेश खुला आहे.

छाननीनंतरच्या एसएसबीला, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या चाचणीला, लोक 'मुलाखत' म्हणतात. प्रत्यक्षात ती चार-पाच दिवस चालते आणि पहिल्याच दिवशी छाटणी होते. धूसर चित्र ३० सेकंद दिसते, गोष्ट लिहायला चार मिनिटे. क्लासमधून पाठ केलेली गोष्ट लगेचच्या गटचर्चेत उघडी पडते, कारण तिथे ती इतरांच्या गोष्टींशी जुळवून घ्यावी लागते.

वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी अनेकांना नडते. हा निव्वळ नियमाचा हट्ट नव्हे. जहाजावर कुठल्या पाइपात इंधन आणि कुठल्यात पाणी, हे रंगावरून ओळखायचे असते. नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा चाचणी (रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखणे) दहा मिनिटांत होते. ती आधीच करून घ्यावी.

इंजिनीअरिंगला असलेल्यांसाठी ६० टक्क्यांवर शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांपुरते अधिकारीपद) आहे. शेवटच्या वर्षातल्यांचे पाचव्या सत्रापर्यंतचे गुण धरतात. टक्के काढताना सीजीपीएला (सरासरी श्रेणीगुणांना) सरसकट दहाने गुणू नये. विद्यापीठाचेच सूत्र लावावे आणि त्याचे पत्र जवळ ठेवावे. आयटीआयवाल्यांना मुंबईच्या नौदल गोदीत अप्रेंटिसशिप मिळते. पण ते प्रशिक्षण आहे, नोकरीची हमी नव्हे.

आणि शिकायला काय मिळते? माझगाव गोदीत बांधलेल्या 'आयएनएस विशाखापट्टणम' या युद्धनौकेवर चार गॅस टर्बाइन इंजिने आहेत. टर्बाइन खारी हवा ओढते, कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या भागाच्या) पात्यांवर मीठ साचते, हवा कमी पडते, तेवढ्याच ताकदीसाठी इंधन जास्त जळते आणि आतले तापमान चढते. म्हणून पाती गोड्या पाण्याने धुवावी लागतात. वर्गात थर्मोडायनॅमिक्स इतके अंगावर येत नाही. आमच्या लोणावळ्यातल्या 'आयएनएस शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात १९४५पासून हेच इंजिनशास्त्र शिकवतात.

जेईई मेनच्या पहिल्या सत्राचे अर्ज साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात भरले जातात. तुमची पुरवणी जूनमध्ये निघते. यंदा ती दिवाळीआधी काढावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, लोणावळा