साहेब, माझ्या दुकानातलं औषध कधीच संपत नाही

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात तेलंगणाच्या बाजूला एका बाजारगावात माझं कृषी केंद्र आहे. आमच्याकडे कीटकनाशकालाही औषधच म्हणतात आणि डॉक्टरच्या गोळीलाही औषधच, त्यामुळे पत्रात कुठं गोंधळ वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या एप्रिलात एक ओळखीचे भाऊ भर दुपारी दुकानात आले आणि म्हणाले, एक बाटली द्या. आता एप्रिलात कोरडवाहू वावरात असतं काय, पऱ्हाटी (कपाशी) केव्हाच उपटलेली, मग फवारणार कशावर? विचारलं कोणती देऊ, तर म्हणे कोणतीबी द्या. साहेब, पंधरा वर्षं काउंटरवर बसतोय, "कोणतीबी द्या" असं शेतकरी कधीच म्हणत नाही, तो कंपनी विचारतो, भावावरून भांडतो, उधारी मागतो. हे तर नगद हातात घेऊन उभे. मी म्हटलं स्टॉक नाही, बसा, चहा सांगतो. मागं रॅक भरलेला होता, तो त्यांनाही दिसत होता. दोन तास बसले, बोलले जेमतेम चार वाक्यं.

मग आशाताईला फोन लावला. ती बाई घरी गेली, वहिनीला समजावलं (घरात आधी बाहेरची बाधा म्हणून उतारे चालू होते), पाठपुरावा करून जिल्ह्याला मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू झाल्या. महिना-दीड महिन्यानं भाऊ बाजारात वांग्याच्या भावावरून घासाघीस करताना दिसले, मला लई बरं वाटलं.

आणि मग गोळ्या संपल्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले तर "सध्या नाही, पुढच्या आठवड्यात या". तीन आठवडे हेच. जिल्ह्याला जायचं तर सकाळची एसटी, दिवस मोडतो, सोबतीला एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. भाऊंनी नाद सोडला.

साहेब, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की यादीतली आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळ्या सरकारी ठिकाणी फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. कायम! माझ्या दुकानात मोठ्या कंपनीचा माल ऐन सीझनमध्ये दोन दिवस नसला तर त्यांचा माणूस मोटारसायकलवर धावत येतो, तिथं नफा आहे म्हणून असेल, पण जमतं तरी ना.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मी दुकानाच्या दारावर चिकटवलाय, चांगली सोय आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पण ज्याला समोरच्याशी बोलायचं होत नाही तो फोनवर अनोळखी माणसाला काय सांगणार, आणि रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं तिथं तर विषयच संपला. गावातला माणूसच लागतो हो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात "विश्राम" नावाचा प्रकल्प ३० गावांत झाला होता, गावातल्याच लोकांना ट्रेनिंग देऊन. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्के होते ते २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे करून बघितलेलं आहे, आपल्याच विदर्भात, परत समिती कशाला नेमायची?

माझं मागणं फार नाही. ग्रामीण रुग्णालयात या गोळ्यांचा दोन-तीन महिन्यांचा साठा ठेवा. मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून एकदा तालुक्याला येणार असतील तर बाजाराच्या दिवशी बसवा, त्या दिवशी माणूस तसाही येतो आणि कोणी विचारलं तर भाजी घ्यायला आलो म्हणता येतं, हे छोटं वाटेल पण याच्यावरच सगळं अडतं. आशाताईला नुसते सर्व्हेचे फॉर्म देऊ नका, आजाऱ्याच्या घरी जाऊन बसायचे पैसे द्या. आणि आम्हा कृषी केंद्रवाल्यांना एक दिवस बोलावून शिकवा. बाटली मागायला माणूस आमच्याकडे येतो, तुमच्याकडे नाही.

परवा ते भाऊ परत दिसले, दाढी वाढलेली, पानठेल्याच्या बाकावर नुसते बसून. मी म्हटलं थांबा, दवाखान्यात विचारतो. लावला फोन. अजून आल्या नाहीत म्हणे.

आपला,
एक कृषी केंद्रवाला, जि. यवतमाळ