टाकी, गाड्या आणि थकबाकी

मुलुंड, रविवार

सुमे,

दिवाळीपासून फोन नाही, पत्र नाही. शिव्या घालायच्या त्या नंतर घाल. तब्येत ठीक, गोळी चालू, आईचा गुडघा आहे तसाच. आता ऐक.

मी सोसायटीची सेक्रेटरी झालेय. हसू नकोस. कमिटीत बायकांसाठी दोन जागा राखीव असतात, त्यातल्या एकीवर मला बसवलं आणि हिशेब लिहायला कुणी तयार होईना म्हणून सेक्रेटरीही केलं. पहिलंच काम टाकी धुण्याचं. बोर्डावर छान लिहिलं, 'सभासदांनी शक्यतो सकाळीच पाणी भरून ठेवल्यास बरे होईल, सहकार्याची विनंती.' कुणी भरलं नाही. दहापासून माझी बेल सुरू. 'मॅडम, नक्की बंद असं कुठे लिहिलं होतं?'

मग पार्किंगला पट्टे मारायचे होते, तेव्हा ग्रुपवर टाकलं, 'उद्या आठच्या आत गाड्या बाहेर काढा.' बस, एवढंच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, 'ऑर्डर कोणाला सोडताय?' त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यात एक आमच्या शेजारणीचा, जी माझ्याकडूनच विरजण नेते! आणि आधीचे सेक्रेटरी आठवतात ना तुला, गच्चीतून ओरडायचे, 'ए, ती स्कूटर हलव!' अख्खी बिल्डिंग म्हणायची, माणूस शिस्तीचा. आमचे हे म्हणाले, 'तू जरा गोडीत सांगायचंस.' आणि लगेच, 'चहा टाक.' टाकलाही मी. आधण उकळायला लागलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

भाची कलिन्याला भाषाशास्त्र करतेय, तिच्यापुढे रडगाणं गायले. तिने सांगितलं, मार्जोरी गुडविन म्हणून एक बाई, त्यांनी फिलाडेल्फियातल्या एका गल्लीतल्या पोरांचं खेळतानाचं बोलणं टेप केलं, 1990 साली त्यावर पुस्तकही आलं. पोरगे हँगरच्या तारेच्या बेचक्या करत होते, तिथे 'पक्कड दे इकडे'. पोरी बाटल्यांच्या काचेच्या अंगठ्या करत होत्या, तिथे 'चला, अजून बाटल्या शोधू या'. पण गंमत पुढेच आहे. त्याच पोरी घर-घर खेळायला लागल्या की जी आई व्हायची ती सरळ हुकूम सोडायची, पोरग्यांसारखाच. म्हणजे येतं सगळ्यांनाच. कुठल्या पाटावर बसून बोलायचं तेवढं दुसरे ठरवतात.

तू आठवलीस. गिरगावात जिन्याखालच्या भातुकलीत आई कायम तू आणि धुणीभांडी मी. 'ए, खरकटं काढ!' (माझी पितळेची कढई तू अजून परत केलेली नाहीस, ते वेगळंच.) पण मॉनिटर झाल्यावर वर्गाने तुला 'हवालदारीण' केलं आणि महिन्याभरात तू 'प्लीज गप्प बसता का' म्हणायला लागलीस, ते मी मागच्या बाकावरून पाहिलंय. आता वॉर्डात काय करतेस गं? वॉर्डबॉय मामांना कसं सांगतेस? आणि डॉक्टरांना?

विचारतेय कारण 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि थकबाकीदारांची यादी मी वाचायची आहे. बायलॉजप्रमाणे थकबाकीवर व्याजही लावता येतं. यादीत पहिलं नाव त्याच ऑर्डरवाल्या काकांचं. 'कृपया भरावे' म्हटलं तर पुढच्या वर्षी हीच यादी पुन्हा वाचेन. 'भरा' म्हटलं तर सभा पैशांवर होणारच नाही, माझ्या आवाजावर होईल. हे म्हणतात, आईच्या मायेने सांग, ऐकतील. साठी उलटलेल्या माणसाची आई मी का व्हायचं? स्वतःच्या पोराची होता होता कंबर गेली.

तुझ्या लेकीची ॲडमिशन झाली हे ताईकडून कळलं, छान झालं. नाशिकचं घर रंगवलंस म्हणे. फोटो पाठव.

नोटीस दोन तऱ्हांनी लिहून ठेवलीय, दोन्ही सोबत जोडतेय. कुठली लावू ते शनिवारपर्यंत कळव, रविवारी झेरॉक्सवाला बंद असतो.

तुझी,
नली