केसपेपरवर वजनाची नोंद हवी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरची माणसे आधी ‘कितवी स्टेज?’ असे विचारतात आणि ‘चौथी’ हे उत्तर ऐकताच आशा सोडतात. स्टेज महत्त्वाची आहेच. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग फुप्फुसापुरताच असताना सापडलेल्या दहा रुग्णांपैकी सुमारे सहा जण पाच वर्षे जगतात, तर तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर जेमतेम एक. परंतु रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज केवळ तेवढ्यावर बांधता येत नाही, हे माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात मला फार उशिरा कळले.

रुग्ण स्वतःचे किती करू शकतो, यावरून डॉक्टर त्याला शून्य ते चार असा अंक देतात. पूर्वीसारखी सर्व कामे करणाऱ्याला शून्य, तर पूर्णपणे खाटेला खिळलेल्याला चार. हा अंक आणि गेल्या सहा महिन्यांत घटलेले वजन यांवरून आयुष्याचा अंदाज तर येतोच, शिवाय केमोथेरपी झेपेल की नाही हेही बरेचसे ठरते. भावाच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी चार महिने त्याला क्षयाची औषधे दिली गेली. तेवढ्यात वजन 62 किलोवरून 53 वर आले आणि रोज पहाटे केळीच्या बागेत पाणी द्यायला जाणारा माणूस दिवसभर ओट्यावर बसून राहू लागला. दरम्यान रोग वाढला, आणि उपचार सोसण्याची ताकदही गेली.

बायोप्सीत कर्करोगाचा प्रकार कळतो; लहान पेशींचा असेल तर तो झपाट्याने पसरतो. ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींपासून होणारा प्रकार, असल्यास जनुकीय तपासणीचा आग्रह धरावा, कारण भारतातील अशा रुग्णांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश जणांत ईजीएफआर जनुकातील बदल आढळतो आणि त्यांना या बदलावरच काम करणाऱ्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. बिडीला कधीही न शिवलेल्या स्त्रियांत हा बदल अधिक दिसतो, म्हणून त्यांच्या बाबतीत तर ही तपासणी मुळीच टाळू नये.

‘आता सोडून काय उपयोग?’ असे म्हणून भाऊ शेवटपर्यंत बिडी ओढत राहिला आणि आम्हीही त्याला अडवले नाही. निदानानंतर धूम्रपान सोडणारे रुग्ण तुलनेने अधिक जगतात, हे तेव्हा आम्हाला कोणीतरी सांगायला हवे होते.

जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील आरोग्य केंद्रांत खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाचे वजन दर भेटीला केसपेपरवर लिहावे, आणि जंतू न सापडता क्षयाचे औषध घेणाऱ्याला दोन महिन्यांत उतार पडला नाही तर त्याला सीटी स्कॅन व बायोप्सीसाठी पाठवावे, अशी आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)